बाटलीचा भाव नाकाने करावा

काचेतच नाव ओतलेली औषधाची जुनी बाटली हाती लागली की खानदेशातला माणूस दोनपैकी एक टोक गाठतो. एक तर ती भंगारात किलोने घालतो, नाहीतर तिच्यावर 'लंडन' वाचून नातवाच्या शिक्षणाची सोय झाली असे धरून चालतो. दोन्ही चुका शास्त्राच्या अभावी होतात. ते शास्त्र येथे जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरते मांडले आहे. सिद्धांत एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकलेला बरा: बाटलीवर कुणाचे नाव आहे याला चार आणे द्यावेत, आणि औषध संपल्यावर तिच्यात काय भरले गेले याला बारा आणे.

आधी चार आण्यांचा हिशोब. काचेवर उठावाची अक्षरे हवी तर ती साच्यात कोरावी लागतात, आणि एका साच्याचा खर्च हजारो बाटल्या निघाल्याशिवाय वसूल होत नाही. म्हणजे ठसठशीत नाव हा दुर्मीळपणाचा दाखला मुळीच नाही. अशा बाटल्या ढिगाने निघाल्याचा तो कबुलीजबाब आहे. नॉटिंगहॅमच्या वुडवर्डने 1851 साली काढलेले ग्राइप वॉटर, पाठीवर भलामोठा मासा घेतलेल्या माणसाचे स्कॉट्स इमल्शन, इनोचे फ्रूट सॉल्ट या बाटल्या आगगाडी पोचली तिथे पोचल्या, आणि आगगाडी भुसावळला तर फार आधीच पोचली होती. याउलट तालुक्याच्या डॉक्टरचे मिक्श्चर. तिथे रोग्याने बाटली घरून आणायची, कंपाउंडरने ती भरून बूच लावायचे आणि कडेला कात्रीने कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची, एका दातऱ्याला एक डोस. अशा डॉक्टरला स्वतःच्या नावाचा साचा करून घेण्याचे कारणच काय? तेव्हा जळगावच्या किंवा धुळ्याच्या दवाखान्याचे नाव काचेत ओतलेली बाटली कुणी दाखवली, तर भाव विचारण्याआधी ती कधी ओतली ते विचारावे.

वय ठरवण्याची जी युक्ती परदेशी पुस्तके सांगतात, ती अशी. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बाटलीच्या अंगावर उभी रेघ उमटते. ती रेघ मानेपर्यंत येऊन ओठाखाली विरली, तर बाटली तोंडाने फुंकलेली आणि ओठ हाताने बसवलेला. ती ओठावरून थेट पार गेली, तर बाटली यंत्रावरची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचे स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आले, म्हणून त्याच्या अलीकडची की पलीकडची असा निवाडा तिकडे पटकन होतो. इकडे तो करू नये. आपल्याकडे लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीवर तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 साली उभा राहिला आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा कारखाना 1916 साली. यंत्र आल्यावरही देशात फुंकून बाटल्या करणे पुढे कित्येक दशके चालूच होते. तेव्हा रेघ ओठाखाली थांबली म्हणून बाटली राणीच्या राज्यातली, असे मानणाऱ्याने आपले पाकीट घरी ठेवून बाजारात जावे. काचेतल्या बुडबुड्यांचेही तेच: ते वयाइतकेच भट्टीच्या गबाळेपणाचे लक्षण असते.

जांभळ्या काचेबद्दल मात्र जळगावकरांना वेगळे सांगणे भाग आहे. काचेतला लोहाचा हिरवटपणा मारण्यासाठी पूर्वी मँगेनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. हे वाचून मे महिन्यात गच्चीवर बाटल्या मांडण्याचा मोह होणे साहजिक आहे, कारण पारा 45 च्या वर नेणाऱ्या उन्हाचा आजवर केळीच्या बागा होरपळण्यापलीकडे काही उपयोग झालेला नाही. पण रंग पालटतो तो उष्णतेने नव्हे, अतिनील किरणांनी, आणि तोही सावकाश. गडद वांग्याच्या रंगाची बाटली बहुधा किरणांच्या यंत्रात घालून काढलेली असते. वांगे भरतालाच ठेवावे.

आता बारा आणे. बाटली नाकाशी धरावी. रॉकेलचा वास आला तर तिची चिमणी झालेली आहे: झाकणाला भोक, भोकात चिंधीची वात. एरंडेल आले तर घरात लहान मूल होते. खवट तुपाचा वास आला तर घर दुभत्याचे होते. काहीच वास आला नाही आणि बूच लाखेने बंद केलेले दिसले तर आत काशीहून आणलेली गंगा असेल. ती उघडून बघू नये, भाव तसाच करावा. सर्वांत वरचा दर्जा निळ्या किंवा हिरव्या षटकोनी बाटलीला द्यावा. ती विषाची. तिच्या अंगावर उभे कंगोरे असत, म्हणजे अंधारात चाचपडणाऱ्या हाताला धोका कळावा, आणि 'पोटात घेऊ नये' हे इंग्रजीत ओतलेले असे. इंग्रजी न येणाऱ्या घरात त्या कंगोऱ्यांचा अर्थ एवढाच होता की तेलकट हातातून बाटली सटकत नाही. अशा बाटलीला गोडेतेलाचा वास आला आणि विकणारे कुटुंब धडधाकट दिसले, तर बारा आण्यांवर आणखी दोन आणे चढवावेत.

यावर जाणकार म्हणतील, जगभरचे संग्राहक स्वच्छ, लखलखीत, टवका न उडालेल्या बाटलीलाच जास्त पैसे देतात. देतात खरे, पण का ते पाहावे. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या बाटल्या निघतात उकिरड्यांतून आणि बुजवलेल्या शौचकूपांतून. तिथे लोक औषध संपले की बाटली फेकत. मातीने काच आंधळी होते, म्हणून जी वाचली ती मोलाची. खानदेशात बाटली फेकली कुणी? ती माळ्यावर किंवा फडताळात सापडते. इथे कोरी करकरीत राहिलेली बाटली म्हणजे ऐंशी वर्षे एकाही बाईला जिच्यात काही भरावेसे वाटले नाही अशी बाटली, आणि खानदेशी घर पाहिलेल्या माणसाचा यावर विश्वास बसणे कठीण. ती एक तर नवी ओतलेली असते, नाहीतर राखेने घासघासून पुरावा नष्ट केलेली. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावातला सराफ दागिन्यातला मळ वजा करून वजन धरतो. बाटलीच्या पारख्याने मळच तोलावा.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: रॉकेल काय, कुणीही ओतेल. ओतू द्या. रेशनवरचे रॉकेल दिसेनासे झाल्यापासून ते मिळवायला बाटलीपेक्षा जास्त खटपट पडते, आणि एवढे करून वास येईल तो आतून. खऱ्या चिमणीची काजळी बाहेर असते, मानेवर आणि खांद्यावर, आणि ती सर्वांत चिवट बसते उठावाच्या अक्षरांच्या बगलेत. येथे अक्षरांचा एकमेव खरा उपयोग कळतो. सपाट काच पुसली की कोरी होते. 'केमिस्ट' या अक्षरांच्या वळणात मात्र काजळी, तेल, दिवाळीच्या पूजेचे हळदकुंकू असे थर अडकून राहतात. म्हणून चार आणे तरी दिले, नाहीतर तेही दिले नसते.

राहिला इतिहासाचा आक्षेप: कागद हा पुरावा, तेलाचा डाग कसला पुरावा? हा प्रश्न धुळ्यात तरी विचारू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरच्या दिवशी याच गावात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. त्यांनी गावोगावच्या घरांतून जी दप्तरे गोळा केली त्यांत इस्त्री केलेले कागद किती असतील याची कल्पना करावी. कसर लागलेला कागद पुरावा होतो, तर काजळी लागलेल्या काचेने काय पाप केले?

प्रत्यक्ष सौद्याच्या वेळी 'हाई बाटली कितलाले?' असे थेट विचारू नये; आधी शेजारच्या कढईची चौकशी करावी. विकणारा बाटली दीडशे वर्षांची आहे म्हणाला तर वाद न घालता 1972 चा पुरावशेष कायदा काढावा. शंभर वर्षांवरची, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू त्या कायद्यात पुरावशेष ठरते, तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. परवाना मागताच बाटलीचे वय नव्वदवर येते, कधी कधी चाळीसवरही. तिथे थांबावे, आणखी ताणले तर ती मागच्या दिवाळीतली निघेल. मग वास घ्यावा, अक्षरांच्या बगलेत नख फिरवावे, नखाला काळे लागले तर भाव मान्य करावा. भोकाचे झाकण मात्र विकणारा देत नाही. वीज गेली की ते दुसऱ्या बाटलीला लागते.