निळा फलक निवडताना : पेठकरांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम समिती स्थापावी. तीत इतिहासाचा अभ्यासक एकच असला तरी भागतं. मात्र 'आमचे पणजोबा' अशी वाक्याची सुरुवात करणारे सदस्य निम्म्याहून अधिक नसावेत. ही अट पुण्यात पाळता येत नाही. तरी लिहून ठेवावी.

मग थोर पुरुष निवडावा. आमच्या पेठांत थोर पुरुषांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो लोकमान्य जिथे आले नाहीत अशा वाड्यांचा. म्हणून टिळकांच्या बाबतीत पुढील प्रतवारी पाळावी : वास्तव्य, मुक्काम, बैठक, चहा, आणि जाता जाता दारातूनच विचारपूस. फलक फक्त पहिल्या दोन प्रतींना. १९०५ साली त्यांनी विकत घेतलेला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, अर्थातच पहिल्या प्रतीत. लंडनच्या हौली प्लेसमधलं दहा नंबरचं घर दुसऱ्या. चिरोलवरच्या खटल्यासाठी विलायतेला गेले तेव्हा ते तिथे राहिले होते आणि तिथे फलक लागलेलाही आहे. आमच्या आळीतल्या एका काकांचा वाडा पाचव्या प्रतीत बसतो. काकांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे पुरावा म्हणून एक फुलपात्र आहे.

यादीत बायका किती, हे मोजावं. आमच्या यादीत सावित्रीबाईंनंतर थेट 'इत्यादी' होतं. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली आर्य महिला समाज याच शहरात काढला, रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुणे सेवासदन उभं केलं, ही माहिती सभेत दिली तेव्हा एक सदस्य म्हणाले, "दोघी रमाबाईच ना? मग एकाच फलकात बसवू."

नियमांसाठी लंडनकडे पाहावं. तिथे हे काम १८६६ पासून चालू आहे. माणूस जाऊन वीस वर्षं उलटल्याशिवाय फलक नाही, आणि तो ज्या घरात राहिला ते मूळ घर उभं असल्याशिवाय नाही. पहिला नियम आपण डोळे मिटून घ्यावा. त्यामुळे विद्यमान माननीय आपोआप बाद होतात. दुसरा घेतला तर मात्र समितीला कामच उरत नाही. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा इतकी वर्षं मोडकळीला येत राहिला, वाद कोर्टात राहिला, आणि २०२३च्या अखेरीस स्मारकासाठी वाडाच पाडला. बाकीच्या वाड्यांच्या नशिबी स्मारकही नाही, पार्किंग आहे. तिथल्या खांबावर, वीजमीटरांच्या शेजारी, 'या ठिकाणी पूर्वी' असा फलक लावायचा असेल तर लावा बापडे. मला त्या बैठकीला बोलावू नका.

मजकूर तीन ओळींचा असावा. नाव, जन्म-मृत्यूची सालं, या घरात नेमकं काय केलं. पुण्याला हे जड जाऊ नये. दुपारच्या झोपेपासून सायकल टेकवण्यापर्यंत सगळं एका पाटीत बसवणारं हे गाव. पण तीच लेखणी थोरामोठ्यांबद्दल लिहायला बसली की तिला पाझर फुटतो. काकांच्या मसुद्यात 'प्रातःस्मरणीय' दोनदा होतं आणि घराचा पत्ता कुठेच नव्हता. 'सौजन्य' या शब्दाखालचं नाव थोर पुरुषाच्या नावापेक्षा मोठं असू नये. याहून अधिक काही बोलत नाही.

बसवण्याबद्दल थोडं, कारण इथे थट्टा चालत नाही. कोरीव दगडाला आणि जुन्या विटेला भोक पाडू नका. दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात स्क्रू घ्या. उद्या फलक काढला तर सांधा भरता येतो, दगड भरता येत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. लोखंड गंजतं, फुगतं आणि दगडाचा टवका उडवतं. आणि कृपा करून भोवती सिमेंट थापू नका. चुन्याच्या भिंतीतली ओल चुन्यातूनच बाहेर पडते. सिमेंटने ती आत कोंडते आणि दोनचार पावसाळ्यांत शेजारची वीट भुगा होऊन गळू लागते. कारागीर ऐकणार नाही. समोर उभं राहावं.

सर्वांत स्वस्त फलक म्हणजे एक आडवी रेघ आणि तारीख : १२ जुलै १९६१. पानशेतचं पाणी इथवर आलं होतं. तिला तज्ज्ञ लागत नाही, अनावरणाला पाहुणे लागत नाहीत. जुन्या पेठांत अजून 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशीच कालगणना चालते. रेघ डोक्यापेक्षा किती वर आहे, हे हात उंचावून पाहिल्याशिवाय पोर पुढे जात नाही.

शेवटी माझी एक सूचना सभेपुढे ठेवली : कसब्यातल्या तांबट आळीला फलक द्यावा. पेशव्यांच्या काळापासून इथे तांब्याची भांडी घडतात. बंब, घंगाळं, हंडे. मठारकामाचा ठोका गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो आणि हंड्यावर एकेक चांदणी उमटत जाते. मला हे सगळं फार आवडतं, म्हणून जरा लांबलंच माझं भाषण. अध्यक्षांनी विचारलं, "पण राहत कोण होतं?"

"तांबट. अजून राहतात, कामही करतात."

काकांनी चष्मा लावून नियमावली उघडली, वीस वर्षांच्या कलमावर बोट ठेवलं आणि सूचना फेटाळली गेली.