गोळे, गुळण्या आणि मी

रात्री तीनच्या सुमाराला माझ्या पोटरीत जो गोळा येतो, तो दम्याच्या निळ्या पंपाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांचं मत, वयाचा. मला पंपाचाच हवा. वयाचा गोळा काय, गल्लीत कुणालाही येतो.

आणि माझं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतं, पण जाता जाता हातापायांच्या स्नायूंनाही चिथावून जातं. हात थरथरतात, छाती धडधडते, डोकं दुखतं, कुणाकुणाला गोळे येतात. थरथरीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. एका सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिलो, तर हातातला कागद फडफडायला लागला. पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. लेखक गहिवरला, असं सभागृहाचं एकमत झालं. पोटात शिरा होता आणि छातीत दोन फवारे, हे मी आभारात घेतलं नाही.

दुसरा पंप स्टेरॉइडचा. त्यानं घसा खवखवतो, आवाज बसतो, म्हणून नंतर खळखळून गुळण्या करायच्या. माझ्या गुळण्या तीन मजले ऐकू जातात. शेजारी समजतात, मी गाणं शिकतोय.

आमच्या नातेवाइकांना पंपाचं भारी वावडं. ‘पंप नको रे, सवय लागते. त्यापेक्षा गोळी घे.’ पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम. त्याचीच गोळी ४ मिलिग्रॅमची. म्हणजे चाळीसपट! पण गोळी गुपचूप गिळता येते, पंप चारचौघांत तोंडाला लावावा लागतो. अब्रू पोटातून जाते ती बरी.

सर्वांत अब्रूदार उपचार आमच्या मामानं केला. मृग लागला की हैदराबादेत दम्यावर मासा देतात. जिवंत मरळीचं बोटाएवढं पिल्लू, त्याच्या तोंडात पिवळं औषध, आणि ते सगळं आपल्या घशात. शाकाहाऱ्यांना गुळातून. मामा माळकरी, पण रात्रभर रांगेत उभा राहिल्यावर गूळ घेऊन परतणं त्याला कमीपणाचं वाटलं. मासा उतरताना शेपटीनं गुदगुल्या करतो, हे तो आजही लग्नाच्या पंगतीत, नेमकं ताटात काही वाढताना, साभिनय सांगतो. या औषधासोबत दुष्परिणाम सांगणारा बारीक अक्षरांचा कागद मिळत नाही. माशावर काय दुष्परिणाम होतो, हेही कुणी विचारत नाही. मामा मात्र खडखडीत बरा आहे. खिशात निळा पंप असतो, तो म्हणे माशाच्या सोबतीला.

आईच्या पुडीबरोबरही कागद नव्हता. तिच्या तरुणपणी आमच्या घरी पंप पोचलाच नव्हता. उशांची चळत करून ती रात्र रात्र बसून काढायची. मग कुणीतरी दम्याची हमखास पुडी आणली. आठवड्यात आई स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली. चेहरा गोल झाला, गाल वर आले. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, ‘वहिनी, तब्येत छान सुधारली हं!’ आम्हीही खूश. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं अनेकदा सापडतं, ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की चेहरा असाच सुजतो आणि हाडं आतून पोकळ होत जातात, हे आम्हाला कोण सांगणार? पुढे तिची पाठ दुखायला लागली. मणके दबले, ती वाकली. घरात आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. तीही तेच म्हणायची. पुडीवर ठपका ठेवायची तिची तयारी नव्हती. त्या पुडीनं तिला आडवं होऊन झोपता आलं होतं.

म्हणून ‘वय’ हा शब्द आला की माझं डोकं फिरतं, आणि ते कुठल्याही औषधानं नव्हे. परवा डॉक्टरांना म्हटलं, ‘आधी रक्तातलं पोटॅशियम बघा, हाडांची तपासणी लिहा, मग खुशाल वय लिहा.’ त्यांनी निमूटपणे दोन्ही लिहिलं. वर म्हणाले, ‘आणि तोवर रोज एक केळं खा.’

घरी येऊन सांगितलं, तर बायको फळीवरची केळी उचलून आत घेऊन गेली. ‘दम्याच्या माणसाला केळं? कफ होतो. डॉक्टरांचं वय झालंय.’