भाऊसाहेबांची चतुःसीमा

तलाठी निवृत्त होतो, त्याच्या अंगातला सातबारा होत नाही. आमच्या शहापूरच्या भाऊसाहेबांनी दप्तर सरकारजमा केलं त्याला बरीच वर्षं झाली. तरी समोरच्याने 'काय सुंदर डोंगर आहे हो!' म्हटलं, की ते आधी विचारतात, "मौजे?"

दर शिमग्याच्या सुमाराला ते मुंबईकर ओळखीपाळखीच्यांना रानात फिरवायला नेतात. पैसे घेत नाहीत; ऐकून घ्यावं लागतं. पहिली तक्रार आसनगाव स्टेशनवरच. "तालुक्याचं ठिकाण शहापूर, बाजारपेठ शहापूर, आणि स्टेशनच्या पाटीवर कोण? आसनगाव!" सोबत मुरबाडचे त्यांचे मेहुणे असतात. ते शांतपणे म्हणतात, "भावोजी, तुम्हाला निदान दुसऱ्याच्या नावाचं स्टेशन तरी आहे. आमच्याकडे कल्याण-मुरबाड रेल्वे फक्त निवडणुकीत धावते."

जीप डोळखांबवरून डेहण्याला पोचते. समोर आजोबाचा डोंगर, त्याच्या डावीकडे बाणाचा सुळका, आणि त्या कड्यांमध्ये कुठेतरी सांधण दरी. कातळाला उभी भेग पडून झालेली ही घळ काही ठिकाणी इतकी अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. बाहेर फाल्गुनाचं ऊन रणरणत असतं आणि आत ऊन फक्त माथ्यावर आल्यावर जरा डोकावतं.

पण अख्ख्या महाराष्ट्राला सांधण ठाऊक ती 'भंडारदऱ्याजवळची' म्हणून. वरचं तोंड साम्रद गावापाशी, अकोले तालुक्यात. माणसं तिकडून उतरतात, तंबू तिकडे, पिठलं-भाकरी तिकडे, फोटोखालचं नाव तिकडचं. "म्हणजे बघा," भाऊसाहेब आवाज खाली आणतात, "तोंड त्यांचं आणि..." जीपमध्ये बायकामाणसं आहेत हे आठवून ते वाक्य सुधारतात, "...उतार आमचा."

डेहण्याकडून ओढ्याच्या पात्रातल्या धोंड्यांवरून दरीकडे चढताना त्यांची वाणी मोकळी होते. "चतुःसीमा लिहून घ्या. दक्षिणेस आजोबा, उत्तरेस अलंग, मदन, कुलंग. पश्चिमेस डेहणे. पूर्वेस साम्रद, हरकतीसह. आतलं क्षेत्र सगळं पोटखराबा." कुणी कौतुकाने पळसाकडे बोट दाखवलं तर भाऊसाहेब त्याची वहिवाट सांगतात : सकाळी मैना, मग बुलबुल, उन्हं चढल्यावर कुणीही. धायटीच्या लाल फुलांवर शिंजीर लोंबकळत असतो, तो कूळ. पांगारा बांधावरचा, म्हणून त्याची मालकी वादग्रस्त. कुसुंबाची लालभडक पालवी एका बाईंना फुलं वाटली, तेव्हा भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, "ताई, ती पानंच आहेत. चुकीची नोंद फेरफाराने दुरुस्त होते."

वानरांचा त्यांनी निकालच लावून टाकलाय. सकाळी ती कड्यावर असतात, म्हणजे अकोल्याची. दुपारी पाण्याला खाली येतात, म्हणजे शहापूरची. "आणि रात्री?" एका पोराने विचारलं. "रात्री सीमावाद."

मेहुण्यांचीही कैफियत असते, आणि ती जुनी आहे. नाणेघाटाची चढण सुरू होते मुरबाडच्या वैशाखऱ्याजवळून. पण वर पोचलं की लागतं जुन्नर. सातवाहनांचे लेख तिकडे, नागनिका राणीचं नाव तिकडे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही तिकडेच. "दोन हजार वर्षं झाली, घाम मुरबाडचा आणि जकात जुन्नरची!" भीमाशंकर अभयारण्य 1985 साली झालं, त्याची हद्द घाटाखाली आमच्या सिद्धगडापर्यंत येते. पण शेकरू म्हटलं की माणसं भीमाशंकराचंच नाव घेतात. "राज्यप्राणी आहे ना? मग आमचं राज्य वेगळं आहे काय?"

यावर भाऊसाहेब हुकमाचं पान टाकतात : आजोबा. डोंगर नव्हे, बिबट्या. 2009 साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला हा बिबट्या गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला, तर गडी शंभराहून जास्त किलोमीटर चालत थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. 2014 मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, उर्मिला मातोंडकरचा. "विहीर नगरची, उद्यान मुंबईचं. पण मधे रूळ कुठे ओलांडले त्याने? कसाऱ्याकडे! कसारा म्हणजे तालुका शहापूर. आहे कुणाला कृतज्ञता?"
"सोडला तो माळशेजला," मेहुणे आठवण देतात.
"पाहुणे, सोडला कुठे हे महत्त्वाचं नाही. पाय कुणाच्या हद्दीत भाजले ते बघा."

हसू येतं, पण या माणसाची तक्रार सगळीच पोकळ नाही. पाण्याची बाटली मागणाऱ्या मुंबईकराला ते ती देताना म्हणतात, "घ्या, तुमचंच आहे." तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजते, नंतर भातसाही आली. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात; आणि चैत्र लागला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. फूल वरच्याचं, पाणी खालच्याचं, आमच्या वाट्याला पोटखराबा, हे त्यांचं तत्त्वज्ञान तिथून आलेलं आहे.

परतताना मोहाखाली एक ठाकर म्हातारी फुलं वेचत होती. भाऊसाहेबांनी सवयीने विचारलं, "झाड कुणाच्या हद्दीतलं?"
तिने टोपली बाजूला ठेवली. "ते तुम्हीच सांगायचं होतं, भाऊसाहेब. माझा वनपट्टा कुणाच्या हद्दीत ते बघायला तुम्ही आलेलात. पंचनामा केलात, चहा प्यायलात. कागद कुठे गेला?"

वानरांची हद्द चुटकीसरशी ठरवणारा माणूस पहिल्यांदा निरुत्तर झालेला मी पाहिला. वनहक्क कायदा 2006 चा. म्हातारीची कसवण त्याच्या कितीतरी आधीची. भाऊसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, मग तिथल्याच धोंड्यावर बैठक मारली, एका मुलीच्या वहीतला कागद मागून घेतला आणि आपल्या त्या प्रसिद्ध वळणदार अक्षरात नवा अर्ज लिहायला घेतला. पूर्वेस ओढा. पश्चिमेस पायवाट. उत्तरेस मोहाचं झाड, अर्जदाराच्या ताब्यातील. मुंबईकरांना लोकल गाठायची होती. त्यांना थांबावं लागलं.

पंच म्हणून मेहुण्यांनी सही केली. सहीखाली मुरबाड असं ठळक लिहिलं, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.