कानसेन

लॉबीत रात्री साडेदहाला पाच जण जमायचे असतात. चार जमतात. पाचव्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसत असतो, माइकमधून माउसची टिकटिक येत असते आणि हाक मारली की उत्तर येतं, "थांबा रे, ऑडिओ बघतोय." हा पाचवा म्हणजे कानसेन.

त्याचं खरं नाव आधार कार्डावर आहे, ते तिथेच राहू दे. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीत, घर कोथरूड-वारजे पट्ट्यात कुठेतरी. खोलीत भिंतीला खिळे ठोकून तीन हेडफोन टांगलेले, चौथा डोक्यावर. खेळतो व्हॅलोरंट. खेळतो म्हणजे काय, तर त्याच्या नावावर हा गेम आहे. संध्याकाळचा वेळ मात्र गेमपेक्षा गेमच्या सेटिंगमध्ये जास्त जातो, आणि सेटिंगमध्येही ग्राफिक्स, माउस वगैरे पामर विषयांकडे तो ढुंकून बघत नाही. थेट ऑडिओ.

त्याचा प्रश्न तसा रास्त आहे. शत्रू पाठीमागून आला, तर तो पाठीमागून आला असं ऐकू यावं. एवढंच. पण एवढ्यासाठी बाजारात जे पर्याय मांडून ठेवलेत, त्यांची नावं एका दमात म्हणून दाखवणं हा कानसेनाचा आवडता कार्यक्रम. विंडोज सॉनिक आहे, २०१७पासून विंडोज १०मध्ये आयताच मिळतो. फुकट आहे, म्हणूनच कानसेनाचा त्यावर विश्वास नाही. "फुकट देतायत म्हणजे काहीतरी असणार, काका." मग डॉल्बी अ‍ॅटमॉस: आधी चाखून बघा, आवडलं तर पैसे भरा. मग डीटीएस हेडफोन एक्स, त्याचीही तीच रीत. हेडफोनच्या वायरवर ७.१चं वेगळं बटण. मदरबोर्डाबरोबर आलेलं आणखी एक सॉफ्टवेअर. आणि शेवटी गेमच्या पोटात लपलेला एचआरटीएफचा खटका. कानसेन यातलं प्रत्येक लावून बघतो, नाक उडवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

डॉल्बीची चाखण्याची मुदत संपली तेव्हा त्याने जेवताना घरात जाहीर केलं, "मी डॉल्बी घेतोय." वडिलांचा घास हातातच राहिला. मूळचे कराडचे, विसर्जनाच्या मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा थरथरवणारी डॉल्बी त्यांनी सोसलेली. "सोसायटीची परवानगी काढलीस का?" असं त्यांनी विचारलं. हेडफोनमधली डॉल्बी फक्त एका माणसाला ऐकू येते, हे कळल्यावर, "मग उपयोग काय तिचा?" असं म्हणून त्यांनी कढी ओढली.

आता थोडं शास्त्र, कारण कानसेनाशी बोलायचं तर ते टळत नाही. आवाज उजवीकडून आला की डाव्या कानाला तो किंचित उशिरा पोचतो. हा उशीर फार तर ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. शिवाय मध्ये डोकं आडवं येतं, म्हणून पलीकडे आवाज थोडा दबतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये हा सगळा हिशेब मांडला. डावं-उजवं एवढ्यावर भागतं. पण आवाज बरोबर समोरून आला काय किंवा बरोबर मागून आला काय, दोन्ही कानांना सारख्याच वेळी पोचतो. तिथे कामाला येतात कानाच्या बाहेरच्या घड्या. कान हा मास्तरांना पिरगळायला सोपा जावा म्हणून दिलेला अवयव आहे, अशी आमच्या पिढीची समजूत. पण त्या वळणा-वळणांतून शिरताना आवाजाचा पोत दिशेप्रमाणे बदलतो आणि मेंदू त्यावरून पुढचं-मागचं, वरचं-खालचं ओळखतो. कुठल्या दिशेचा आवाज कसा बदलतो याचं जे गणित, ते एचआरटीएफ. हेडफोनमध्ये स्पीकर दोनच. ७.१मधले बाकीचे पाच आणि तो एक सबवूफर म्हणजे हे गणितच असतं.

गणित कुणाच्या कानाचं, हा मात्र कळीचा प्रश्न. अमेरिकेत एमआयटीने १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत माइक बसवून मोजमापं घेतली आणि ती सगळ्यांसाठी खुली केली; पुढे कित्येकांनी ती वापरली. कानसेनाला हे कळलं त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. "म्हणजे मी इतकी वर्षं पुतळ्याच्या कानांनी ऐकतोय?" प्रत्येकाचा कान वेगळा असतो हे खरं, पण आपला कान जरा जास्तच वेगळा आहे अशी त्याची खात्री झाली. आईने दुजोरा दिला. "आमच्या माहेरचे कान मोठेच."

प्लेस्टेशन ५मध्ये आपल्या कानाशी जुळेल असा पर्याय पाचांतून निवडता येतो, असं कळल्यावर तो मावसभावाकडे वाढदिवसाला गेला. केक कापला, पोरांनी फुगे फोडले, पाहुणे जेवून गेले, आणि कानसेन अजून दुसरा की चौथा यावर अडलेला. खेळला काहीच नाही.

आम्ही वरच्या मजल्यावरचे, निवृत्त, आणि आमचे कान रिकामे. त्यामुळे तपासणीसाठी तो आम्हालाच धरून नेतो. हेडफोन चढवतो, काहीतरी लावतो आणि डोळे बारीक करून विचारतो, "काका, हेलिकॉप्टर कुठून गेलं?"

"डोक्यातून."

"वरून म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. डोक्यातून. एका कानातून शिरलं, दुसऱ्यातून गेलं."

तो हताश होतो. वास्तविक मी अगदी शास्त्रशुद्ध तक्रार केलेली असते. हेडफोनमधला आवाज कवटीच्या आतच घुटमळतो, हेच हे गणित मांडणाऱ्या मंडळींचं जुनं दुखणं. पण कानसेन माझ्या वयाकडे बघून उत्तर बाद करतो. आजीवरचा प्रयोग तर एकदाच झाला. न्हाव्याच्या दुकानातलं एक प्रसिद्ध ध्वनिमुद्रण आहे, कात्री अगदी कानाशी किचकिचते. आजीने पहिल्याच किचकिचीला दोन्ही हातांनी अंबाडा झाकला आणि नातवाला जी शिवी हासडली, ती मात्र समोरूनच आली, हे सगळ्यांना स्पष्ट कळलं.

खरेदीला तो तपकीर गल्लीत जातो. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे त्याला माहीत आहे, पण ऑनलाइन वाद घालता येत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ७.१ छापलेलं असतं. कानसेन चष्मा वर करून विचारतो, "आत ड्रायव्हर किती आहेत?" दुकानदार सांगतो, "ड्रायव्हर डाउनलोड करायचा साहेब, फ्री आहे." कानसेनाला हवे असतात आवाज काढणारे ड्रायव्हर. रेझरच्या टियामॅट ७.१मध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच होते, हे तो गल्लीतल्या गर्दीत उभा राहून समजावून सांगतो. दुकानदार शांतपणे ऐकतो, मग खोकं पुढे सरकवतो. "यात सात पण आहेत, एक पण आहे. घ्या." माझ्या मते, कानापासून दोन बोटांवर पाच स्पीकर कोंबले म्हणून कोणी पाठीमागे जाऊन उभं राहत नाही, पण हे मत मी दुकानात मांडलं नाही, कारण आम्हाला चितळ्यांकडेही जायचं होतं.

परतताना त्याने ऑरियलची कथा सांगितली. ती तो पानिपताच्या सुरात सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ए३डी नावाचं तंत्र होतं. आवाज भिंतींवर आपटून कसा येईल याचा हिशेब त्या काळातलं साउंड कार्ड करायचं. क्रिएटिव्हने ऑरियलवर पेटंटचा दावा ठोकला. १९९९च्या डिसेंबरात ऑरियल दावा जिंकली, पण खर्चाने खंगली, दिवाळं निघालं आणि २००० साली तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. "जिंकूनही गेले, काका." लक्ष्मी रोडच्या सिग्नलला त्याचा आवाज खरंच दाटून आला. हे सगळं घडलं तेव्हा तो बालवाडीत होता. ऑरियल टिकली असती, तर आज तो व्हॅलोरंटमध्ये कोणत्या रँकला असता, याचा एक अंदाज त्याच्याकडे आहे.

हे वेड त्याने नव्याने काढलंय असं कोणी समजू नये. ते घराण्यात आहे. वडिलांनी ऐंशीच्या दशकात सोनोडाइनचा सेट घेतला होता. चार मित्र बोलवायचे, भीमसेन जोशींची कॅसेट लावायची आणि सम यायच्या आत विचारायचं, "तानपुरा डावीकडे येतोय ना?" पंडितजी तोडी आटपून भैरवीवर यायचे, तरी हे बॅलन्सच्या बटणावरच. चिरंजीवांनी तानपुऱ्याच्या जागी बूट आणले, एवढाच काय तो फरक.

कानसेनाची बायको समंजस आहे. ती गेम खेळत नाही, पण पर्याय सगळे पाठ आहेत. "ए, दूध उतू गेलं," असं ती एकदा दारातून म्हणाली, आणि हा वळला नाही तेव्हा पुढे म्हणाली, "डावीकडे, थोडं मागे, ओट्याच्या उंचीवर." तेव्हा वळला.

एकदा त्याने सगळंच एकदम चालू केलं. वायरवरचं बटण, डॉल्बी, मदरबोर्डाचं सॉफ्टवेअर आणि वर गेमचं एचआरटीएफ. एका गणितातून निघालेला आवाज दुसऱ्या गणितात, तिथून तिसऱ्यात. शत्रू विहिरीतून चालत येतोय असं ऐकू यायला लागलं. कानसेन मात्र खूश. "स्टेज केवढं मोठं झालंय!" स्टेज मोठं झालं होतं, त्यावर कोण कुठे उभं आहे ते कळत नव्हतं. खरं म्हणजे नियम एका ओळीचा आहे: गेमचं स्वतःचं गणित असेल तर ते ठेवावं आणि बाकीची सगळी बंद करून साधा स्टिरिओ चालू ठेवावा, गेमकडे किंवा सिनेमाकडे नुसतेच ७.१चे आवाज असतील, तर डॉल्बी, डीटीएस, सॉनिक यांतलं कुठलंही एक घ्यावं. काउंटर-स्ट्राइकमध्ये एचआरटीएफ २०१६ला आलं, व्हॅलोरंटमध्ये २०२१ला. तेही पावलं, बंदूक भरणं अशा मोजक्या आवाजांपुरतं. हे कानसेनाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, त्यानेच मला शिकवलंय. पण नियम पाळला की संध्याकाळी करायचं काय?

आणि त्याच्या शोधात एक मूळचीच गोम आहे. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखनला संशोधकांनी काही जणांच्या कानांत साचे बसवून कानांचा आकारच बदलला. आवाज वरून येतोय की खालून, याचा अंदाज पार बिघडला. पण साचे तसेच ठेवून माणसं रोजचं आयुष्य जगत राहिली, तेव्हा काही आठवड्यांत मेंदू नव्या कानांना सरावला. साचे काढले तर जुने कानही जागच्या जागी. म्हणजे कुठलंही बरं सेटिंग निवडून महिना-दीड महिना हात न लावता खेळलं, तर पुतळ्याचा कानही आपलासा होण्याची बरीच शक्यता. मी हे कानसेनाला सांगितलं. त्याने मनापासून ऐकलं. "महिना?" एवढंच म्हणाला. तो सेटिंगला एक मॅच देतो. हरला तर अर्धी.

त्याच्याच टोळीत एक पोरगा मोबाइलच्या खोक्यातून आलेले इअरफोन लावून खेळतो. त्याची रँक कानसेनापेक्षा बरीच वर आहे. हा विषय त्यांच्यात कोणी काढत नाही.

परवा गुण १२–१२ झाले आणि जादा फेऱ्या लागल्या. चौघे मेले, उरला एकटा कानसेन. समोरही एकच. कानसेन खांबाआड बसला. त्याने डोळे मिटले. चौघेही गप्प झाले, कारण बोललं की पावलं ऐकू येत नाहीत असा त्याचा दंडक. पंखा त्याने आधीच बंद केला होता. मी मागे खुर्चीत श्वास रोखून. आणि गोळी आली बरोबर पाठीमागून.

व्हॅलोरंटमध्ये शिफ्ट दाबून हळू चाललं की पावलांचा आवाजच होत नाही. समोरच्या पोराने तेच केलं होतं. मित्रांनी ते लगेच सांगितलं असावं, कारण कानसेन माइकमध्ये म्हणाला, "शिफ्टने आला ते कळलं मला. तरी काहीतरी यायला हवं होतं की नाही?"

मग हेडफोन गळ्यात उतरवून माझ्याकडे वळला. "डीटीएसवर आलं असतं, काका."