गुडघ्याचे शास्त्र आणि हिरवळीची भाकिते

पॅरिसची लाल माती संपून विम्बल्डनची हिरवळ सुरू होईपर्यंतच्या तीन आठवड्यांत टेनिसप्रेमींमध्ये एक स्वतंत्र ज्ञानशाखा बहरास येते, आणि तिचा पाया ‘फॉर्म’ या संकल्पनेवर, म्हणजे अलीकडच्या निकालांवरून खेळाडूचा पुढचा खेळ ताडण्यावर, रचलेला असतो. २०२४ च्या जूनमध्ये नोव्हाक जोकोविचच्या उजव्या गुडघ्यातील मेनिस्कसवर, म्हणजे हाडांमधल्या कूर्चेच्या गादीवर, शस्त्रक्रिया झाली, तेव्हा या शाखेतील बहुसंख्य विद्वान एका रात्रीत अस्थितज्ज्ञ झाले आणि त्यांनी त्या गुडघ्याला, त्याच्या मालकाचे मत न विचारता, सक्तीची विश्रांती फर्मावली. त्याच महिन्यात, फ्रेंच स्पर्धा नुकतीच जिंकलेला कार्लोस अल्काराझ क्वीन्स क्लबवर, म्हणजे विम्बल्डनपूर्व सरावाच्या स्पर्धेत, जॅक ड्रेपरकडून हरला, तेव्हा त्याला गवत मानवत नाही असाही सिद्धान्त मांडला गेला. आदल्याच वर्षी त्याने याच गवतावर दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या, हा तपशील सिद्धान्ताच्या आड आला नाही. पुढे विम्बल्डनचा अंतिम सामना जोकोविच आणि अल्काराझ या दोघांतच झाला आणि अल्काराझने तो सरळ तीन सेटमध्ये जिंकला, तेव्हा पहिल्या गटाने गुडघ्याबाबतचे आपले निदान खरे ठरल्याचे जाहीर केले, तर दुसऱ्याने गवताचा विषय तूर्त बाजूला ठेवला. त्याआधी २०२३ च्या विम्बल्डनमध्ये मानांकन नसलेली, म्हणजे आयोजकांनी बलाबलानुसार केलेल्या पहिल्या बत्तीसांच्या यादीत न बसलेली, मार्केटा वोंड्रोउशोवा विजेती झाली, तेव्हा तिच्या डावऱ्या सर्व्हिसचे महत्त्व या विद्वानांना अंतिम सामन्यानंतर लगेच उमगले होते.