गॅलरीवाली खोली

प्रवासी जहाजावरील कौटुंबिक खोलीला जाहिरातीत काहीही म्हणोत, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तिला ‘गॅलरीवाली खोली’ असेच म्हणतात. ‘बाल्कनी’ हा शब्द तिकडे सिनेमाच्या तिकिटासाठी राखून ठेवलेला आहे आणि ‘केबिन’मध्ये साहेब बसतो.

जहाजावर खोल्यांचे मुख्य प्रकार चार: आतली, खिडकीची, गॅलरीची आणि सूट. आतल्या खोलीला खिडकी नसते. दिवा घालवला की दिवस का रात्र हे घड्याळाला विचारावे लागते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे असत; त्यामुळे आतली खोली म्हणजे काय हे सांगलीकराला एका शब्दात कळते. हळद भाव आल्यावर पेवातून काढत, आतल्या खोलीतला प्रवासी जेवणाच्या वेळी आपणहून बाहेर येतो, एवढाच फरक. या पेवावर उपाय म्हणून रॉयल कॅरिबियन कंपनीने २०१४ पासून काही जहाजांच्या आतल्या खोल्यांत भिंतभर पडदा बसवून त्यावर बाहेरचा समुद्र थेट दाखवायला सुरुवात केली. पडद्यावर खोटा कठडासुद्धा दिसतो. समुद्र टीव्हीवरच बघायचा होता तर रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसने येण्याचे कारण काय, या मिरजेच्या आक्षेपाला अजून उत्तर मिळालेले नाही.

दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. माणसे समुद्रापर्यंत उशिरा पोहोचली. पाणी मात्र कधीच गेले होते. कोयना धरणाचे पाणी दोन वाटांनी जाते. एक वाट सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात, तिथून वाशिष्ठीत, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला आणि अरबी समुद्राला. दुसरी नदीच्या पात्राने कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला, मग सांगलीवरून थेट बंगालच्या उपसागराकडे. त्यामुळे मुंबईहून गोव्याकडे निघालेले जहाज दाभोळच्या समोर आले की गॅलरीत उभा राहून ‘हे आपल्या कोयनेचं पाणी’ असे सांगणारा पाटणचा गृहस्थ शास्त्राला सोडून बोलत नसतो. त्याने फक्त पाणीपट्टीचा विषय काढू नये.

मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली ‘आंग्रिया’ नावाचे जहाज सुरू झाले. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांवरून. २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागले. हे जहाज १९९० सालचे, म्हणजे जुनेच. पण घाटावर जुन्या ट्रॅक्टरला जो मान असतो तो लक्षात घेता ही उणीव धरली जात नाही. सजवलेल्या कौटुंबिक खोल्यांची खरी हौस मात्र परदेशी जहाजांवर. तिथे सातारा-सांगलीचे आईवडील बहुधा अमेरिकेतल्या किंवा सिंगापूरच्या मुलाच्या खर्चाने पोहोचतात. खर्च मुलाचा असला तरी प्रत्येक गोष्टीची किंमत रुपयांत विचारली जाते, आणि उत्तर ऐकून वडील गॅलरीत जाऊन थोडा वेळ एकटे बसतात.

जहाजाला गॅलऱ्या फुटल्या त्या मुख्यतः गेल्या चाळीस वर्षांत. १९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ हे जहाज आले. त्यात सगळ्याच खोल्या बाहेरच्या अंगाला होत्या आणि पुष्कळांना गॅलरी होती. त्याआधी वरचे मजले जेवणघरे आणि दिवाणखाने अडवून बसत, आणि प्रवाशांना खाली पाण्याच्या जवळ झोपवत. पुढे जहाजबांधणीकारांनी हा वाडा उलटा केला: दिवाणखाने खाली, जीवरक्षक होड्या त्यांच्या बाजूला आणि खोल्या वर, ओळीने, चाळीसारख्या. खोल्याही आता जागेवर बांधत नाहीत. कारखान्यात पलंग, न्हाणीघर, आरसा यांसकट तयार करून आणतात आणि कपाटात खण सरकवावा तशा जहाजात सरकवतात.

कौटुंबिक खोल्या ज्या ‘थीम’वर सजवतात, त्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायला कोश उघडायची गरज नाही. गणपती मंडळांनी तो केव्हाच दिलेला आहे: देखावा. सांगलीला देखाव्याचे अप्रूप नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक याच गावात उभे केले. पण जहाजावरच्या देखाव्यात रात्रीचे झोपायचे असते, हे नवे. २०१८ साली आलेल्या ‘सिंफनी ऑफ द सीज’ या जहाजावर एक दुमजली कौटुंबिक खोली आहे. मुलांच्या माडीवरून खालच्या दिवाणखान्यात येण्यासाठी घसरगुंडी, आणि एक अख्खी भिंत लेगोच्या ठोकळ्यांची. २०२४ सालच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर तर तीन मजली घर आहे. त्याला दाराशी पांढरे लाकडी कुंपण आणि टपालपेटी. भर समुद्रात टपाल कोण टाकणार, हा प्रश्न मुलांना पडत नाही. आजोबांना पडतो, आणि ते पेटी उघडून पाहतात. घसरगुंडीवरून मात्र एकदा तरी उतरतात, कोणी बघत नसताना.

बेताच्या कुटुंबाला मिळते ती खोली एवढी ऐसपैस नसते. गॅलरीवाली साधी खोली साधारण १८० ते २०० चौरस फुटांची, म्हणजे गावाकडच्या सोप्याहून लहान. तिच्यात चार माणसे बसवण्याची युक्ती रेल्वेचीच आहे: छतात दडवलेला बर्थ रात्री खाली ओढतात, आणि देखाव्याच्या खोलीत त्याच्या वर चांदण्या किंवा मासे रंगवलेले असतात. वरचा बर्थ कोणी घ्यायचा यावरून महालक्ष्मीत जे होते तेच इथे होते. भिंती पोलादी असल्याने त्यांना लोहचुंबक चिकटतो. ही गोष्ट ज्या कुटुंबाला पहिल्या दिवशी कळते, त्याच्या भिंतीवर दुसऱ्या दिवशी औषधांची चिठ्ठी, जेवणाच्या वेळा आणि खंडोबाचा छोटा फोटो लागलेला असतो. कंपनीचे मासे मग पार्श्वभूमीला राहतात. डिस्नेच्या जहाजांनी १९९८ पासून पुष्कळ कौटुंबिक खोल्यांत संडास आणि न्हाणीघर वेगवेगळे केले. परदेशात याचे फार कौतुक झाले. साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत ही सोय पूर्वीपासून होती, फक्त दोहोंमध्ये अंगण होते.

आता गॅलरी. खोलीतला हा सर्वांत महाग भाग: अडीच-तीन पावले लांब, दीड-दोन पावले रुंद, दोन खुर्च्या, एक स्टूल आणि काचेचा कठडा. कंपनीच्या मते ती समुद्र पाहण्यासाठी असते. सातारा-सांगलीच्या मते गॅलरी ही वस्तू कशासाठी असते, याबद्दल आजवर मतभेद झालेला नाही.

“आजी, इथं कपडे वाळत घालायचे नसतात.”

“मग गॅलरी कशाला दिलीया?”

“समुद्र बघायला.”

“बघ की. लुगडं काय डोळ्यावर घातलंय व्हय तुझ्या?”

आजीच्या या प्रश्नावर नियमपुस्तिका गप्प आहे. नियम मात्र स्पष्ट आहे: कठड्यावर काहीही वाळत घालू नये. कारणे दोन. चालत्या जहाजावर वारा इतका असतो की कपडा वाळण्याआधी शेजारच्या गॅलरीत जातो, किंवा कायमचा जातो. दुसरे कारण आगीचे. २३ मार्च २००६ रोजी जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या एका गॅलरीत आग लागली. टाकून दिलेली सिगारेट हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. एक प्रवासी दगावला आणि आग अनेक खोल्यांपर्यंत पोहोचली. त्यानंतर गॅलरीतल्या खुर्च्या, मधल्या फळ्या कशाच्या असाव्यात याचे आंतरराष्ट्रीय नियम झाले. नऊवारी लुगडे त्या नियमांत कुठेच बसत नाही. प्रवाशांची अडचण ओळखून बऱ्याच जहाजांवर न्हाणीघरात एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीपर्यंत ओढायची बारीक दोरी दिलेली असते. तिची कुवत एक बनियन आणि दोन मोज्यांची. लुगडे तिच्यावर टाकले की दोरी भिंतीतून निघते, लुगडे पुन्हा भिजते आणि खोली आवरणारा मुलगा येऊन काही न बोलता दोन्हींकडे बघतो. त्याने टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती तेवढ्यात आजीने उलगडून डोके पुसायला घेतलेला असतो.

गॅलरीचा दुसरा उपयोग पातळी बघण्याचा. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात: ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांच्याही वर गेली होती. ज्या माणसाने पावसाळ्यात सकाळचा चहा हा आकडा ऐकल्याशिवाय घेतलेला नाही, तो जहाजावरही पहिल्या पहाटे कठड्यावरून खाली वाकून पाहतो आणि ‘किती फूट हाय?’ असे विचारतो. ‘काही शे मीटर’ या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. वाढतंय का उतरतंय, हे त्याला हवे असते.

बाजू निवडणे हा स्वतंत्र विषय आहे. मुंबईहून गोव्याला जाताना तोंड दक्षिणेकडे असते. म्हणून डाव्या गॅलरीतून किनारा, उजवीतून नुसता समुद्र आणि सूर्यास्त. येताना हे उलटते. उजव्या बाजूच्या खोल्यांना जाहिरातीत भाव असला, तरी घाटावरच्या माणसाला जमीन दिसत असलेली बरी वाटते. उगवतीला दार हवे असा आग्रह धरणारे आजोबा जाताना खूश असतात आणि परतीच्या वाटेवर खोली बदलून मागतात.

शेजारच्या दोन गॅलऱ्यांमधली फळी पुष्कळ जहाजांवर उघडता येते. दोन खोल्या घेतलेल्या कुटुंबाने सांगितल्यावर कर्मचारी किल्ली लावून ती बाजूला सारतो, आणि दोन गॅलऱ्यांची एक ओसरी होते. गावाकडे वीतभर बांधावरून दहा वर्षे तारखा करणारे दोन भाऊ इथे मधली फळी काढून घ्यायला खोलीवाल्याच्या मागे लागतात. फळी निघाल्यावर स्टूल कोणाच्या हद्दीत आहे, हे मात्र दोघेही बघून ठेवतात.

खाण्याबाबत नियम असा की बहुतेक कंपन्या घरी शिजवलेले आत येऊ देत नाहीत. पाकीटबंद कोरडा खाऊ सहसा चालतो. म्हणजे सांगलीचे भडंग, तासगावचे बेदाणे आणि साताऱ्याचे कंदी पेढे पार होतात, धपाटी बंदरावरच संपवावी लागतात. विजेची किटली आणि इस्त्री काढून घेतात व उतरताना परत देतात. जहाजावर दिवसभर जेवण फुकट, म्हणजे तिकिटातच धरलेले असते. तरी रात्री अकराला गॅलरीत कागद पसरून भडंग, कांदा आणि लिंबू घेऊन जे बसतात, ते भुकेने बसत नाहीत.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. कर्मचारी त्या रातोरात नेतात आणि बंदरावर हवाली करतात. मदतीला तत्पर असणारी कुटुंबे सगळे कपडे नीट भरून, बॅगांना नाडी बांधून, वेळेआधी दाराबाहेर ठेवतात. सकाळी घालायचे कपडेही त्यातच गेले, हे साधारण साडेसहाला लक्षात येते. बाकीच्यांचे कसेबसे निभावते. आजीचे तर लुगडे गॅलरीतल्या खुर्चीवर वाळलेले असते. आजोबा मात्र जहाजाच्या टॉवेलवर उभे असतात, आणि टॉवेल जहाजाचा असल्यामुळे तोही परत करायचा असतो.