डबा विकणे आहे

बुवांचा डबा गेली तीन वर्षं विकायला आहे. डबा म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा ओव्हरड्राइव्ह पेडल. पत्त्यांचे दोन कॅट शेजारी ठेवावेत एवढा पत्र्याचा चौकोन, वर तीन नॉब, खाली पायानं दाबायचं एक बटण. ‘डबा’ हा वहिनींचा शब्द; बुवा त्याला ‘युनिट’ म्हणतात. बुवा हेही त्यांचं खरं नाव नव्हे. पण जो माणूस कोथरूडच्या टू-बीएचकेत गालिच्यावर मांडी घालून गिटारच्या ‘मिड्स’वर पाऊण तास निरूपण करतो, त्याला दुसरं काय म्हणणार? दिवसा ते सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग बघतात. चुका काढायची सवय तिथलीच.

विक्रीची जाहिरात ते दर दोन महिन्यांनी नव्याने टाकतात आणि टाकण्याआधी मला वाचून दाखवतात. ‘एकहाती वापर. धूम्रपान नसलेल्या घरातला. कधीही स्टेजवर नेलेला नाही. व्हॉल्यूम दोनच्या पुढे वाजवलेला नाही. मूळ खोका, मूळ मखमली पिशवी, बनवणाऱ्याच्या सहीचा कागद. खरेच कदर असणाऱ्यांनीच फोन करावा.’ एवढं सोज्वळ वर्णन मी आजवर फक्त वधूवर सूचक मंडळाच्या पुस्तिकेत वाचलं होतं. पखवाज विकणाऱ्यानं ‘कधीही भजनाला नेलेला नाही’ असं छातीठोक सांगितलं तर गिऱ्हाईक काय समजेल?

आता या डब्याचं काम काय, हे मला बुवांकडून जेवढं कळलं तेवढं सांगतो. व्हॉल्व्हवाला जुना ॲम्प पूर्ण उघडला की त्याला झेपेनासं होतं, ध्वनिलहरींचे माथे चपटे होतात आणि सूर किंचित फाटतो. मांडवातला कर्णा फाटला की आपण मंडपवाल्याला हाक मारतो. गिटारवाल्यांना मात्र ते फाटणं आवडलं. पण त्यासाठी ॲम्प मोठ्याने लावायचा, म्हणजे शेजारी दाराशी. तेव्हा कमी आवाजातही तसंच फाटावं म्हणून हे डबे निघाले. जपानी आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आला आणि पुढे स्टीव्ही रे वॉनसारख्यांच्या पायाखाली जाऊन अमर झाला. त्याच्या पोटात 4558 जातीची एक चिप असते. आपल्याकडच्या असेंबल्ड होम थिएटरच्या बास-ट्रेबल बोर्डातही याच जातीची चिप बसते, आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ती चहा-क्रीमरोलच्या पैशात मिळते. हे मी एकदा बुवांना सहज बोलून गेलो. पंधरा दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही.

या पंथाचं आराध्यदैवत म्हणजे क्लॉन सेंटॉर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बिल फिनेगन नावाच्या गृहस्थांनी तो 1994 साली विकायला आणला आणि पुढची कित्येक वर्षं हातानं बनवला. एकूण आठेक हजार नग झाले असतील. कुणी नक्कल करू नये म्हणून त्यांनी आतल्या सर्किटवर काळं इपॉक्सी ओतलं. भक्तांनी ते खरवडून काढलं, आतला नकाशा उतरवला, आणि आता नकलाच नकला. जुना अस्सल सेंटॉर मात्र हजारो डॉलरला जातो. बुवांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, गवई गुरूचं नाव घेताना लावतो तसा.

बुवांचा डबा त्याच संप्रदायातला. एक माणूस, एक गॅरेज, वर्षाला मोजके नग. नऊ महिने वाट पाहून मिळाला. किंमत बत्तीस हजार, वर कस्टम वेगळं. वहिनींना सांगितलेली किंमत सहा हजार. खरी गोम इथेच आहे. बुवांना अठ्ठावीस हवेत. पण सहाला घेतलेली वस्तू अठ्ठावीसला गेली, तर कपाटातले उरलेले दहा डबे वहिनी त्याच आठवड्यात विकायला काढतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. त्यामुळे भावाची बोलणी बुवा जिन्यात उभं राहून करतात.

गिऱ्हाइकं येतात. ‘फायनल किती?’ विचारून गायब होणारे सोडून देऊ. एकानं बदल्यात गिअरची सायकल देऊ केली होती. जे प्रत्यक्ष घरी येतात, त्यांच्यासाठी मात्र बुवा आदल्या दिवशी नव्या तारा लावतात. खुर्च्या मांडल्या जातात, वहिनी पोहे करतात, मला साक्षीला बोलावणं येतं. मग चौकशी सुरू होते, ती पाहुण्याची. ॲम्प कुठला? पिकअप कुठले? घरी रियाज होतो का? चिंचवडहून रोख पैसे घेऊन आलेल्या एका सज्जन माणसानं ‘बास गिटारला वापरीन म्हणतो’ एवढंच उच्चारलं. बुवांनी त्याला पोहे दिले, डबा दिला नाही.

नंतर प्रात्यक्षिक. “हा बंद,” बुवा सांगतात आणि एक तुकडा वाजवतात. खाली वाकून बटण दाबतात, हातानं, कारण पायानं ओरखडे पडतात. “आणि हा चालू.” तोच तुकडा. “ऐकलंत?” पाहुणा आधी माझ्याकडे बघतो, मग मान हलवतो. बुवा खुलतात. “ट्रान्सपरंट! आहे असं कळतच नाही!” ॲम्पचा व्हॉल्यूम दीडवर, खालच्या मजल्यावर आजोबा झोपलेले, ॲम्पपेक्षा तारेवर पिक घासल्याचाच आवाज मोठा. पण बुवांचे डोळे मिटलेले असतात. तासाभराने पाहुणा “कळवतो” म्हणून उठतो आणि बुवांचा चेहरा भैरवी झाल्यासारखा तृप्त दिसतो. कॉलेजनंतर बुवा स्टेजवर चढलेले नाहीत. वर्षाकाठी त्यांच्या सहा बैठकी होतात त्या या अशाच, आणि सहाही विक्रीच्या निमित्ताने. डबा गेला तर त्या कशाच्या नावावर भरवायच्या, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही.

गेल्या महिन्यात एक पोरगा आला. वीस-बावीसचा, स्प्लेंडरवरून, पाठीला रेक्झिनची लांबोडकी पिशवी. बुवांनी मांडलेल्या गिटारकडे त्यानं पाहिलंही नाही. पिशवीतून बेंजो काढला. आपला मिरवणुकीतला, टाइपरायटरसारख्या बटणांचा इलेक्ट्रिक बुलबुल तरंग. कडेला सेलोटेप, कोपऱ्यात गणपतीचं स्टिकर.

“काका, याला चालंल ना?”

बुवांच्या तोंडून शब्द फुटेना. मी म्हटलं, “लावून बघ की.”

पोरानं वायर खुपसली, बुटाच्या टाचेनं बटण दाबलं (बुवांनी डोळे मिटले, या वेळी निराळ्या कारणानं) आणि दोन बोटं फिरवून म्हणाला, “आवाज कुठंय?” मग कुणाला न विचारता ॲम्पचा नॉब सातावर नेला.

त्यानंतर जे झालं त्याला वाजवणं हा शब्द अपुरा आहे. शोकेसमधल्या काचा थरथरल्या. वहिनी झारा घेऊनच बाहेर आल्या. कोळीगीताची चाल, तिला मध्येच नाशिक ढोलाचा झटका, आणि सूर असा काठोकाठ फाटलेला की ज्याच्यासाठी बुवांनी नऊ महिने वाट पाहिली तो हाच असावा. बुवांचा ॲम्प व्हॉल्व्हचा आहे हे मी विसरलोच होतो. दीडच्या पुढे तो कधी उघडलाच नव्हता. पोरानं वाजवता वाजवता टाच मारून डबा बंद केला, चार मात्रा ऐकलं, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद.

“काका, डबा बंदच बरा वाटतो. तुमचा ॲम्पच लई भारी फाटतोय.”

बुवा गालिच्यावर बसले. रागावले असतील असं मला वाटलं, पण ते ॲम्पच्या मागच्या जाळीतून आत डोकावत होते, पेटलेल्या व्हॉल्व्हकडे.

पोरगा वायरी गुंडाळायला लागला आणि मध्येच थांबला. “हा ॲडाप्टर देणार का?” त्याच्याकडेही एक चिनी डबा होता. नऊ व्होल्टचा, पण पेडलला मधली पिन निगेटिव्ह लागते आणि बाजारात ॲडाप्टर मिळतो तो बहुतेक उलटा. दर सुपारीला बॅटरी बदलून पोरगा कंटाळला होता. बुवांनी ॲडाप्टर उलटा धरून चष्मा वर केला, पिनेचं चिन्ह त्याला बोटानं दाखवलं, “हे बघूनच घे, नाहीतर जळेल” असं बजावलं आणि साडेतीनशेला देऊन टाकला. चौकशी नाही, ॲम्प कुठला हेही विचारलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला गेले, आणि सुपारी कुठे आहे ते मात्र विचारून घेतलं.

“अहो, गेला का डबा एकदाचा?” आतून वहिनी.

“डबा नाही. ॲडाप्टर गेला. साडेतीनशेला.”

आतला झारा थांबला. वहिनी हिशेब करत होत्या.

“नुसत्या वायरीचे साडेतीनशे? मग डब्याचे सहा हजार सहज येतील हो. खालच्या आजोबांचा नातू विचारतच होता; त्याला सांगून टाकते उद्या.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांची बशी जवळ ओढली.